सबूरचा अर्धा फेरा

४ फेब्रुवारी

क्लचकाकांना नमस्कार,

मी सबूरची मुलगी. तेरा नंबर. तेराचा पाना सापडेना म्हणून तुम्ही सहा जणांनी अख्खी व्हॅन रिकामी केली होती आणि मी त्या पान्यावर बसले होते, ती. आता अडतीस वर्षांची आहे. शाळेत गणित शिकवते.

बाबा ऑक्टोबरमध्ये गेले. तुम्हाला कळलं असेल. सगळ्यांची पत्रं आली, तुमचं आलं नाही. आई म्हणाली, "येणार नाही." का, तर म्हणे, "त्या दोघांना विचार." त्यातल्या एकाला विचारायची सोय राहिली नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. फोन केला असता, पण घाईमावशी म्हणाली की इंजिनांनी तुमचे कान खाल्लेत आणि फोनवर तुम्ही सगळ्यालाच "बरं बरं" म्हणता. मला बरं बरं नकोय.

काम असं आहे. वीस एप्रिलला शर्यतींचा क्लब ट्रॅकवर, गाड्या सुटायच्या रेषेपाशी, बाबांच्या नावाची पाटी लावणार आहे. त्या दिवशी बाबांची जुनी गाडी एकदा पळवायची. चालवणार तेव्हासारखी घाईमावशीच. ती एकसष्ट वर्षांची आहे, दोन नातवंडं आहेत. क्लबने तिची तपासणी करून घेतली. डॉक्टरांनी विचारलं, वेगाची भीती वाटते का. ती म्हणाली, "हळू जायची वाटते." पास झाली.

पाटीशेजारच्या फलकाचा मजकूर मी लिहायचा आहे. क्लब म्हणतो, ज्याने ही शर्यत कधी पाहिली नाही त्यालाही कळलं पाहिजे. मी असं लिहिलंय:

"पाव मैलाची सरळ वाट. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या. दिवा हिरवा झाला की सुटायचं, सात सेकंदांत सगळं संपतं. पूर्वी वाटायचं की ज्याचं इंजिन मोठं तो जिंकतो. पण सगळी ताकद एकदम दिली तर चाकं जागच्या जागी फिरतात, नुसता धूर निघतो. क्लच म्हणजे इंजिनाने चाकांचा धरलेला हात. हा हात हळूहळू आवळायचा, ही कल्पना सबूर यांना सुचली. दार आपटू नये म्हणून चौकटीला तेलाचा दांडा लावतात, तसाच दांडा त्यांनी क्लचला लावला. पहिला दीड सेकंद सबुरी, मग सगळी ताकद. म्हणून सर्वांत वेगवान गाडीच्या प्रमुखाला लोक सबूर म्हणत. ते अत्यंत हुशार होते."

चुका असल्या तर सांगा.

आणि या. गाडी शेडमध्ये आहे, इंजिन सुरू होतं, पण तो क्लच तुमच्याशिवाय कुणी कधी लावलेला नाही.

तुमची,
तेरा नंबर


१५ फेब्रुवारी

तेरा नंबर,

सबूर गेल्याचं घाईने कळवलं होतं. चार वेळा कागद घेतला. जमलं नाही. आईला सांग.

मजकूर वाचला. गणिताच्या बाईंनी असं लिहू नये.

"कल्पना सुचली" हे खोड. सुचली नाही, उचलली. तुझ्या आईच्या दातांच्या दवाखान्याच्या दाराचा दांडा त्याने रविवारी काढून आणला. सोमवारपासून दार आपटायला लागलं. पेशंट खुर्चीत दचकून आ करायचा आणि तुझी आई म्हणायची, "छान, अस्सं ठेवा." पहिला दांडा फुटला, तेल माझ्या तोंडावर. दुसरा कुठून आणला ते विचारू नकोस. त्या वर्षी आमच्या भागातली बरीच दारं आपटत होती.

"दीड सेकंद" चूक. सव्वा. दीड हे स्क्रूचे फेरे. दांड्याच्या पोटात तेल, तेल सुटायला एक भोक, भोकाच्या तोंडाशी स्क्रू. स्क्रू जास्त उघडला की तेल लवकर सुटतं, क्लच लवकर धरतो. तेवढीच सगळी जादू.

"अत्यंत हुशार" हेही खोड. हुशार पुष्कळ होते. बाकीच्या गाड्यांचे प्रमुख इंजिनात डोकं घालून बसायचे. सबूर ट्रॅकवर गुडघे टेकायचा आणि तळवा जमिनीला लावायचा. डोळे मिटून, जणू लेकराचा ताप बघतोय. मग म्हणायचा, "आज जमीन तापलीय, तिला सोसणार नाही, हळू घ्या." लोक फिदीफिदी हसायचे. दोन वर्षांनी तेच लोक रांगेने गुडघे टेकायला लागले.

हे लिही. दोन शर्यतींच्या मध्ये पंचेचाळीस मिनिटं मिळायची. तेवढ्यात इंजिन उघडायचं, क्लचच्या चकत्या बदलायच्या, सगळं बंद करायचं. सहा माणसं, आणि आरडाओरडा नाही. कारण सबूरचा एकच नियम होता: ज्याचं काम त्याचाच हात. क्लच मी लावला की सबूरनेही त्याला बोट लावायचं नाही. काही बदलायचं तर मला सांगायचं, मी बदलणार. बाकी सगळं खोडलंस तरी हा नियम ठेव.

यायचं म्हणशील तर गुडघे. डॉक्टर म्हणतो, जिने नकोत, प्रवास नको. क्लच कुणीही लावेल. स्क्रू पूर्ण बंद करायचा, दीड फेरा उघडायचा. बस.

क्लचकाका

(बायको म्हणते, नमस्कार लिहा. नमस्कार.)


१ मार्च

काका,

मजकूर तुम्ही सांगितला तसा केला. "उचलली" या शब्दाला क्लबची हरकत होती. आई स्वतः जाऊन त्यांना म्हणाली, "दार माझं होतं." मग शब्द तसाच ठेवला.

तुम्ही लिहिलंत तसा गॅरेजवाल्याकडून स्क्रूही लावून घेतला. बंद केला, दीड फेरा उघडला. घाईमावशी आत बसली, म्हणाली, नुसती सुरू करून बघते. गाडीने शेडचं दार बरोबर नेलं. घाईमावशीला काही झालं नाही. उतरली आणि म्हणाली, "दीड फेऱ्याची गाडी अशी नसते. कुणाच्या हाताचा दीड?"

म्हणजे कुणीही लावेल असं नाही.

आता गुडघ्यांचं. तुमच्या शेजारणीची बहीण घाईमावशीची मैत्रीण आहे. तिच्याकडून कळलं की गेल्या महिन्यात तुम्ही छपरावर चढून दोन पत्रे बदललेत. डॉक्टरांना जिने चालत नाहीत, शिडी चालते का?

काका, मी सरळच विचारते. बाबा तुम्हाला काही बोलले का? बावीस वर्षांपूर्वीच्या त्या अंतिम शर्यतीला मी नव्हते, परीक्षा होती. आपण हरलो, एवढंच मला माहीत. नंतर तुम्ही घरी आला नाहीत. पुढच्या मोसमाआधी कळलं, काकूंची बदली झाली, तुम्ही निघून गेलात. परवा आईला खोदून विचारलं तर म्हणाली, "रागावून गेले. राग येण्यासारखंच होतं." पुढे विचारणार तोच पेशंट आला. तिच्याकडे बरोबर अशा वेळी पेशंट येतो.

क्लबने सांगितलंय: वीस एप्रिलपर्यंत क्लच नीट लागला नाही तर गाडी पळवायची नाही. सुरक्षेचा प्रश्न. त्यांनी पर्याय सुचवलाय, की गाडी हाताने ढकलत पाव मैल न्यायची आणि लोकांनी दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवायच्या. बाबांची गाडी, ढकलत. काका, मला हे बघवणार नाही. पाटी नाही लावली तरी चालेल, पण हे नको.

बाबांनी काही अपमान केला असेल तर मी माफी मागते. पण या.

तेरा नंबर


२२ मार्च

तेरा नंबर,

उत्तराला उशीर झाला. छपरावर होतो.

तुझी माफी नको. तुझ्या बापाने माझा अपमान केला नाही. त्याने मला वाचवलं. तेच मला सोसलं नाही. आता सांगतो, कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

अंतिम शर्यतीआधी पंचेचाळीस मिनिटांत आम्ही गाडी उघडून बंद केली. ऊन मी म्हणत होतं. सबूरने तळवा लावून पाहिलं आणि म्हणाला, दीड. मी दीड लावला. व्हॅनच्या दारावर खडूने दीड लिहिलं आणि चहा प्यायला गेलो. त्याच आठवड्यात मला नवीन चष्मा लागला होता. हे लक्षात ठेव.

दिवा हिरवा झाला. शेजारची गाडी गेली. आमची जागेवर. दोन्ही चाकांतून धूर, एवढा की घाई दिसेना. दहा वर्षांनी मिळालेला अंतिम सामना तीन सेकंदांत संपला.

गाडी परत आली तेव्हा पहिला मी पोचलो. झाकण काढलं आणि स्क्रू बंद करत फेरे मोजले. दोन भरले. दीड नाही, दोन. खाचेच्या स्क्रूला अर्धा फेरा दिला की खाच पुन्हा तशीच आडवी दिसते. माझा अर्धा फेरा जास्त पडला होता. पोराटोरांची चूक.

मी सबूरला सांगायला वळलो. तो पेपरवाल्यांमध्ये उभा होता आणि म्हणत होता, "चूक माझी. ट्रॅक मला ओळखता आला नाही. बाकी कुणाची नाही."

सगळ्यांना माहीत होतं तो असा आहे. माणसं चुकायची आणि सबूर स्वतःच्या अंगावर घ्यायचा. पण अंतिम सामना! तो माझ्याकडे बघेना. मला वाटलं, बघितलं तर रागावेल म्हणून बघत नाही. दुसऱ्या दिवशी सांगेन म्हटलं. मग दुसऱ्या आठवड्यात. मग बायकोला म्हटलं, बदली माग. तिला तिची पोस्टातली जागा आवडत होती. तिने मागितली.

बावीस वर्षं ज्या माणसाने माझी चूक वाहिली, त्याच्या पाटीपाशी मी कुठल्या तोंडाने उभा राहू? आणि पुन्हा तोच स्क्रू लावू?

गाडी ढकलू देऊ नकोस. दुसरं कुणी शोध.

क्लचकाका


२८ मार्च

काका,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती मधेच उठली, बाहेर जाऊन पेशंटला म्हणाली, "उद्या या," आणि दवाखान्याचं दार लावून घेतलं. असं तिने आयुष्यात केलेलं नाही.

मग म्हणाली, "अगं, उलट आहे. स्क्रू त्यांनी फिरवला होता."

तुम्ही चहाला गेलात आणि ढग आला. ट्रॅक निवला, आता चाकांना पकड जास्त मिळेल, असं बाबांना वाटलं. शेजारची गाडी आधीच्या फेरीत आपल्यापेक्षा वेगवान होती. त्यांनी अर्धा फेरा उघडला. तुम्हाला बोलावलं नाही. गाडी रेषेवर गेली आणि ऊन पडलं.

मला खरं वाटेना. आईने बाबांच्या वह्यांचं कपाट दाखवलं. प्रत्येक शर्यतीची नोंद आहे. त्या दिवसाचं पान जसंच्या तसं उतरवते:

"अंतिम. ढग आला. तो १½ लावून गेला. मी ½ उघडला. विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाला असता, आणि बरोबर म्हणाला असता. ऊन आलं. गेली. सगळ्यांना सांगितलं चूक माझी. त्याच्याकडे बघवलं नाही."

आणि पुढच्या मार्चमध्ये, मधेच, एका कार्ब्युरेटरच्या आकृतीखाली:

"तो गेला. कळलं असणार. नियम मी केला, मीच मोडला. मी त्याच्या जागी असतो तर मीही गेलो असतो."

काका, ते तुमची चूक वाहत नव्हते. स्वतःचीच वाहत होते. तुम्हाला ती तुमची वाटली आणि त्यांना वाटलं, तुम्ही त्यांच्यावर रागावलात. आई म्हणते, "दोन शहाणी माणसं, आणि मला वाटत राहिलं की दोघांनाही सगळं माहीत आहे."

आता या.

तेरा नंबर


२ एप्रिल

तेरा नंबर,

पत्र तीनदा वाचलं. तू चांगली मुलगी आहेस. पण मी विश्वास ठेवत नाही.

सबूरच्या वह्या मला माहीत आहेत. घाईने एकदा दिवा हिरवा व्हायच्या आत गाडी सोडली आणि आम्ही बाद झालो. वहीत काय लिहिलंय बघ. "दिवा उशिरा लागला." ज्याने इंजिनात चिंधी विसरली त्याच्यासाठी लिहिलंय, "कापड निकृष्ट." तो माणूस वहीतसुद्धा आमच्यासाठी खोटं बोलायचा. बायकोशीही बोलला असेल. तुझ्या आईला राग येऊ नये, म्हणून हे वाचून दाखवू नकोस.

एकच गोष्ट आहे जी खोटं बोलणार नाही. स्क्रू लावून झाला की मी त्याच्यावर एक रेघ मारायचो, तुझ्या आईच्या नेलपॉलिशने, लाल. स्क्रूच्या डोक्याच्या एका कडेपासून दांड्याच्या अंगावर, सरळ. वाळली की नंतर कुणी स्क्रू हलवला तर कळावं म्हणून. त्या दिवशीही मारली होती. परत आल्यावर धूर, तेल, काजळी. मी फेरे मोजले, दोन भरले. रेघ बघायचं सुचलंच नाही. संध्याकाळी बघायला गेलो तर सबूरने तो दांडा काढून टाकलेला. नवीन बसवला होता.

मी मूळचाच दोन फेरे लावला असेन, तर रेघ त्यावर मारली गेली, म्हणजे दोन्ही तुकडे जुळतील. मी दीड लावला असेन आणि नंतर कुणी अर्धा फिरवला असेल, तर स्क्रूवरचा तुकडा बरोबर उलट्या कडेला गेलेला असेल. मी मोजताना पूर्ण दोन फेरे बंद केला, त्याने फरक पडत नाही. पूर्ण फेऱ्याला रेघ पुन्हा जागेवर येते. हे तुला मी सांगायला नको.

पण तो दांडा कधीच भंगारात गेला असणार. म्हणून हे सगळं हवेतलं बोलणं.

क्लचकाका


६ एप्रिल

काका,

बाबांनी आयुष्यात भंगारात काही टाकलं असेल असं तुम्हाला वाटतं?

दोन दिवस शोधलं. शेडमध्ये नव्हता. आईच्या दवाखान्यात, कवळ्यांचे जुने साचे ठेवायच्या कपाटात, सर्वांत खालच्या खणात, फडक्यात गुंडाळलेला. फडक्याला चिठ्ठी, बाबांच्या अक्षरात, नुसती तारीख. त्या दिवसाची.

काजळी होती. मी पुसायला जाणार तर आई ओरडली, "हात लावू नकोस!" मग तिने हातमोजे घातले, दिवा ओढला, भिंग लावलं आणि कापसाने कण कण करत साफ केला. पाऊण तास. मी बाहेरच्या बाकावर पेशंटसारखी बसले होते.

दांड्याच्या अंगावर लाल रेघ आहे, वरच्या बाजूला. स्क्रूच्या डोक्यावर लाल ठिपका आहे, खालच्या बाजूला. मध्ये स्क्रूची अख्खी रुंदी. मी पट्टी लावून पाहिलं. एकशेऐंशी अंश.

आई भिंगातून बघत म्हणाली, "सरकलंय. आणि मुळात चांगलं बसवलेलं होतं."

दुसरं काही लिहीत नाही.

तेरा नंबर


१० एप्रिल

तेरा नंबर,

अठराला दुपारच्या बसने येतो.

पत्र वाचलं आणि बायकोला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. ती ऐकत होती, भाजी निवडत. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे तुमच्या हातून काही झालंच नव्हतं." मी म्हटलं, नव्हतं. "आणि त्यासाठी मी पोस्टातली जागा सोडून इथे आले." मी म्हटलं, हो. ती इतकी हसली की शेजारीण डोकावली. मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी बोलली. म्हणाली, "मीही येणार. त्या पाटीशी मला दोन शब्द बोलायचेत."

तेव्हा दोघं येतो.

सबूर खरं बोलला, तेही माइकसमोर, आणि आमच्यातल्या एकानेही विश्वास ठेवला नाही. आधी इतक्यांदा आमच्यासाठी खोटं बोलला होता. त्यालाही कधी सुचलं नसेल की त्याचं खरं कुणाला पटणार नाही.

गॅरेजवाल्याला सांग, क्लच उघडून ठेव. बंद करू नकोस. चकत्या धुऊन, क्रमाने, स्वच्छ कापडावर. आणि घाईला सांग, माझ्याबद्दल चौकशा बंद कर.

क्लचकाका


२६ एप्रिल

काका,

पोचलात ना नीट? काकूंचा डबा आमच्याकडे राहिला.

क्लबकडून अधिकृत कागद आला: सात पूर्णांक एक दोन सेकंद. त्या गाडीची आजवरची तिसरी सर्वांत कमी वेळ. बावीस वर्षं शेडमध्ये उभी राहून. घाईमावशीने कागद फ्रेम करायला टाकलाय आणि नातवंडांना सांगितलंय की आजीशी उलट बोलायचं नाही.

शाळेत मुलं विचारतात, बाई, तिथे रेषेवर तुम्ही कुणाशी भांडत होतात? कुणीतरी चित्रण केलंय. मी पाहिलं. आवाज स्वच्छ आलाय.

"काका, पाव फेरा उघडा."

"का?"

"ट्रॅक निवलाय. वहीत अशा हवेच्या बारा शर्यती आहेत. मी आलेख काढलाय."

"मग आलेखच घाल चाकाखाली."

"हात तरी लावून बघा!"

"लावला. गरम आहे."

"तुमचा हात गरम आहे!"

आणि मग घाईमावशीचा आवाज, हेल्मेटमधून: "तुमचं होतंय, की मी चालत जाऊ?"

गंमत म्हणजे लोक टाळ्या वाजवतायत. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

चित्रणात पुढचंही दिसतं. तुम्ही गुडघे टेकता, पुन्हा तळवा लावता, बराच वेळ. मग म्हणता, "अर्धपाव. त्याच्या वर एक केस नाही." आणि स्वतः स्क्रूड्रायव्हर घेता. मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी आहे. तेव्हा लक्षात नव्हतं.

आई कुंपणाशी होती. घरी येताना म्हणाली, "तुझ्या बाबांना हे पाच मिनिटांचं भांडण टाळायचं होतं."

पाटी तुम्ही पाहिलीत, पण गर्दीत खालची ओळ पाहिली नसेल. वर कोरलंय, "ज्याचं काम त्याचाच हात." खाली, आईने आदल्या दिवशी बारीक अक्षरात घालायला लावली: "एकदा मोडला." क्लबचे अध्यक्ष म्हणाले, स्मृतिफलकावर असं कुणी लिहितं का? आई म्हणाली, "त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत."

आता गणिताचं. माझ्या हिशेबाने अर्धपाव फेऱ्याने तीन शतांश सेकंद वाचले. पाव उघडला असता तर सहा वाचले असते. तुम्ही मान्य करणार नाही, पण आकडे आहेत.

तेरा नंबर


३ मे

तेरा नंबर,

डबा राहू दे. बायको म्हणते, तो न्यायला यायचं निमित्त होईल. तिचं आणि तुझ्या आईचं रोज बोलणं चालतं. ती फोनवर ऐकू शकते, हे माझं दुर्दैव.

तुझा आलेख पाहिला. सुबक आहे. साफ चूक आहे.

मी तुझ्या मागे उभा होतो, तुला दिसलं नसेल. गाडी सुटताना डाव्या चाकातून धूर निघाला. थोडा, बोटभर. म्हणजे चाक घसरलं. घसरलं ते तुझ्या अर्धपावामुळे. दीडवर ठेवला असता तर धूर निघाला नसता आणि गाडी सातच्या आत आली असती. घाईला विचार. तिला पाठीत कळतं. ती तुझी बाजू घेईल, पण विचारताना तिच्या चेहऱ्याकडे बघ.

तू मला येऊन सांगितलंस, हे बरोबर केलंस. जे सांगितलंस ते चूक. दोन्ही लक्षात ठेव.

सबूर असता तर म्हणाला असता, दोघांचंही थोडं थोडं बरोबर. मी तो नाही. मी म्हणतो, तुझं चूक. आणि हे कागदावर ठरणार नाही. त्यासाठी एकाच दिवशी, एकाच हवेत, तासाभराच्या अंतराने गाडी दोनदा पळवावी लागेल. एकदा तुझ्या आकड्यावर, एकदा माझ्या. दोन्ही वेळा स्क्रू मी लावणार. तुझ्या आकड्यालाही मी तितक्याच काळजीने लावीन, त्याची चिंता करू नकोस.

क्लबच्या अध्यक्षांना आज वेगळं पत्र टाकलंय. ते नको म्हणाले तर तुझ्या आईला पाठव.

येताना बरोबर आणलेल्या चकत्या घासायला घेतल्यात. तारीख कळव.

क्लचकाका